गळ, कालवा आणि ग्रामस्मृती : शेळगाव परिसरातील हौशी मासेमारीचा ऐतिहासिक विचार

१

गतकालीन ग्रामजीवनाचे जे चित्र नागर मराठी मनात रूढ झाले आहे, त्यातील काही वस्तू जणू ठरून गेलेल्या आहेत. पिंपळाचा पार, मोटेचा आवाज, सुगीतील खळे आणि पाण्याच्या काठी गळ टाकून निवांत बसलेला मुलगा. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती-इंदापूर पट्ट्यातून जी कुटुंबे पुणे, पिंपरी-चिंचवड अथवा मुंबई येथे स्थायिक झाली, त्यांच्या आठवणींत यांपैकी शेवटच्या चित्राला विशेष स्थान असते. कालव्याची भराव घातलेली कड, कळकाची काठी, ज्वारीच्या ताटातील भेंडाचा दोरीवर तरंगणारा तुकडा आणि ओल्या मातीतून उकरून काढलेली गांडुळे एवढ्या सामग्रीवर एक संपूर्ण जग उभे केले जाते. ते जग साधे, समाधानी आणि पुरातन होते, असा त्या स्मरणाचा आग्रह असतो.

अशा स्मरणास मराठीत स्मृतिरंजन म्हणतात. पाश्चात्त्य भाषांतील त्याचा पर्यायी शब्द मुळात वैद्यकाचा आहे. १६८८ मध्ये बाझल येथे योहानेस होफर या तरुण वैद्याने आपल्या प्रबंधात तो प्रथम वापरला, आणि स्वदेशापासून दुरावलेल्या स्विस लोकांच्या व्याधीला त्याने ते नाव दिले. पुढे त्या व्याधीचा विषय स्थळाऐवजी काळ झाला. स्थळाचा विरह परत जाऊन शमविता येतो. काळाचा विरह तसा शमविता येत नाही. त्यामुळे काळाविषयीच्या स्मृतीची पडताळणीही सहसा कोणी करीत नाही. ती करणे हे इतिहासाचे काम आहे. शेळगावच्या परिसरापुरता प्रश्न सरळ आहे. काठावर गळ टाकून बसलेल्या त्या मुलाचे चित्र नेमके कोणत्या काळाचे आहे, आणि त्या काळाविषयी ते काय सांगते?

२

मनोरंजनासाठी मासे धरणे ही दख्खनेत नवी गोष्ट नाही. कल्याणीच्या चालुक्य वंशातील तिसरा सोमेश्वर (कारकीर्द इ. स. ११२७ ते ११३८) याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या विनोदांचे जे विस्तृत वर्णन आहे, त्यात ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांचे खाद्य, दोरी, काठी, गळ, आमिष आणि गळास लागलेल्या माशाला दमवून काठावर आणण्याची रीत यांचा विचार त्यात केलेला आढळतो. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात या प्रकरणाचा परामर्श घेतला, आणि तेव्हापासून ते मत्स्यविद्येच्या अभ्यासकांस परिचित झाले. भीमेचे खोरे सोमेश्वराच्या राज्यात मोडत होते, हे लक्षात घेता या प्रकरणाचे स्थानिक महत्त्व उघड आहे.

तथापि ‘मत्स्यविनोद’ हा राजाचा विनोद होता. त्याच नद्यांवर त्याच काळी जे लोक जाळी टाकीत होते, त्यांच्यासाठी तो विनोद नव्हता. दख्खनेतील नद्यांवर मासे धरण्याचा धंदा मुख्यतः भोई आणि कोळी या समाजांकडे होता. भोयांकडे पालखी वाहण्याचे व नदीवर उतारूंना पार करण्याचेही काम असे. पाग फेकणे, डोहात जाळे लावणे ही त्यांची नित्याची मजुरी होती. याशिवाय तिसरा एक संबंध होता. काही ठिकाणी मासा धरणेच निषिद्ध असे. देहूच्या इंद्रायणीतील डोह किंवा महाड तालुक्यातील वाळण कोंड येथील सावित्रीचा डोह ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे होत. राजाचा खेळ, भोयाचे पोट आणि देवाचा डोह असे तीन संबंध एकाच नदीशी जोडलेले होते. आजच्या स्मृतीत दिसणारा शेतकऱ्याचा मुलगा या तिन्हींपैकी कोठेच ठळकपणे आढळत नाही.

नद्यांतील माशांची पहिली शास्त्रीय नोंद कर्नल विल्यम हेन्री साइक्स याने केली. मुंबई सरकारचा सांख्यिकी निवेदक म्हणून १८२४ ते १८३१ या काळात तो दख्खनेत फिरला, आणि येथील चाळीसहून अधिक माशांचे वर्णन त्याने लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे ठेवले. ही वर्णने १८३९ पासून शास्त्रात रूढ झाली. त्यांतील लक्षणीय बाब नामकरणाची आहे. साइक्सने अनेक जातींना स्थानिक लोकांच्या तोंडची नावेच दिली. खुद्री, कोळस, मुसळा, पोटील, बोगट, मळ्या, फुलंगी, नुकटा, शिंगाळा यांसारखी नावे थोड्याफार अपभ्रंशाने लॅटिन द्विनामांत जाऊन बसली आणि आजही तेथे आहेत. ती नावे सांगणारे लोक कोण होते याची नोंद त्या द्विनामांत अर्थातच नाही. नदीवर रोज राबणाऱ्यांखेरीज इतक्या बारकाईने माशांत भेद करणारे दुसरे कोण असणार? दख्खनेच्या मत्स्यशास्त्राचा पाया अशा रीतीने निनावी मराठी शब्दसंपत्तीवर घातला गेला आहे.

३

गळाच्या मासेमारीला साधेपणाच्या कल्पनेशी जोडण्याचे काम मात्र दुसऱ्या एका परंपरेने केले. १६५३ मध्ये इंग्लंडात आयझॅक वॉल्टन याने गळाच्या मासेमारीवरील आपला प्रसिद्ध ग्रंथ छापला. वॉल्टन लंडनमधील व्यापारी होता, आणि त्याची सहानुभूती राजपक्षाकडे होती. यादवी युद्ध नुकतेच संपले होते, आणि १६४९ मध्ये राजाचा शिरच्छेद झालेला होता. अशा वेळी पराभूत पक्षातील एका वृद्धाने नदीकाठच्या शांततेचे, साध्या जेवणाचे आणि निष्कपट संभाषणाचे जे चित्र रंगविले, त्यात माशांची माहिती जेवढी आहे तेवढीच हरवलेल्या काळाची ओढ आहे. हातातील काठी आणि मनातील गतकाळ यांची सांगड इंग्रजी वाङ्मयात तेथपासून पक्की झाली.

हीच सांगड इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर हिंदुस्थानात आली. मद्रास सनदी सेवेतील एच. एस. टॉमस याने १८७३ मध्ये हिंदुस्थानातील गळाच्या मासेमारीवर ग्रंथ लिहिला, आणि महाशीर मासा इंग्रज शौकिनांच्या चर्चेचा विषय झाला. त्याच वर्षी फ्रान्सिस डे याचा गोड्या पाण्यातील मत्स्यव्यवसायावरील अहवाल प्रसिद्ध झाला. बारीक आसांची जाळी, लहान पिल्लांचा संहार आणि विषप्रयोग यांमुळे नद्या ओस पडत आहेत, असा त्याचा इशारा होता. १८९७ चा हिंदी मत्स्यव्यवसाय कायदा हे या विचारधारेचे फलित होय. सुरुंगाची दारू व विष यांनी मासे मारण्यास त्याने बंदी घातली. ती बंदी योग्यच होती. परंतु या साऱ्या चर्चेत हौशी गृहस्थ नदीचा रक्षक आणि धंदेवाईक मच्छीमार तिचा संहारक, अशी एक विभागणीही नकळत रूढ झाली, हे नमूद केले पाहिजे.

या परंपरेचे श्रेयही नाकारता येत नाही. महाशिराच्या दख्खनी जातीचे, म्हणजे साइक्सच्या खुद्रीचे, कृत्रिम प्रजनन लोणावळ्याजवळ टाटा वीज कंपन्यांच्या जलाशयांवर १९७० च्या सुमारास साध्य झाले. त्यात मत्स्यशास्त्रज्ञ चं. वि. कुलकर्णी यांचा वाटा मोठा होता. शौकिनांना या माशाविषयी असलेल्या आस्थेने अशा संशोधनास अनुकूल वातावरण निर्माण केले. हौस आणि संवर्धन यांचे नाते अशा रीतीने गुंतागुंतीचे आहे. त्यास केवळ परकीय विलास म्हणून बाजूस सारणे अनैतिहासिक ठरेल.

४

आता शेळगावकडे वळावे. हे गाव इंदापूर तालुक्यात, बारामतीहून इंदापूरला जाणाऱ्या मार्गावर आहे. तुकोबांची पालखी आषाढी वारीत अंथुर्णे, शेळगाव, निमगाव केतकी या क्रमाने इंदापुरास जाते. तालुक्याच्या उत्तरेस व पूर्वेस भीमा, दक्षिणेस नीरा आणि दोहोंचा संगम नीरा-नरसिंहपूर येथे, अशी येथील भौगोलिक रचना आहे. दोन मोठ्या नद्यांच्या कवेत असूनही मधला माळ अवर्षणप्रवण आहे. वार्षिक पाऊस वीस इंचांच्या आसपास, तोही बेभरवशाचा. ओढे पावसाळ्यात वाहत आणि उन्हाळ्यापूर्वी आटत. अशा गावी बारमाही पाण्याच्या काठी गळ टाकून बसणे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत शक्य कोटीतील नव्हते. त्यासाठी नदीपर्यंतच जावे लागले असणार.

त्या काळातील ‘साध्या’ जीवनाविषयी पुरावा कमी नाही. मुंबई इलाख्याच्या जमीनमहसुलाच्या इतिहासात इंदापूर तालुक्याचे नाव आरंभीच येते. आर. के. प्रिंगल याने केलेली आकारणी १८३० मध्ये येथे लागू झाली. ती इतकी जड आणि सदोष निघाली की शेतकऱ्यांनी जमिनी टाकून दिल्या व मोठे क्षेत्र पडीक पडले. म्हणून १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरातच नव्या मोजणीस प्रारंभ केला, आणि पुढे तीच पद्धत साऱ्या इलाख्यात गेली. तीस वर्षांची मुदत संपताच १८६७ मध्ये पहिली फेरआकारणीही येथेच झाली, आणि सारा पुष्कळ वाढला. मे १८७५ मध्ये भीमथडी तालुक्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. दख्खनच्या दंग्यांचा हा आरंभ होता, आणि त्यांची झळ इंदापूर भागासही लागली. पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा महादुष्काळ आला. कर्ज, सारा आणि अवर्षण यांच्या कात्रीत सापडलेल्या या गावांना निवांतपणाचे माहेरघर म्हणणे पुराव्यास सोडून होईल.

नीरा डावा कालवा हे त्या दुष्काळाचेच अपत्य आहे. दुष्काळी कामाच्या स्वरूपात त्याच्या खोदाईस चालना मिळाली, आणि १८८५ च्या सुमारास पाणी सुटू लागले. भोरजवळ वेळवंडी नदीवर भाटघरचे धरण बांधले गेले, आणि त्याच्या जलाशयास व्हायटिंग या अभियंत्याचे नाव मिळाले. जुन्या धरणाची जागा पुढे १९२८ मध्ये पूर्ण झालेल्या लॉइड धरणाने घेतली. वीरजवळ निघणारा हा सुमारे शंभर मैलांचा कालवा पुरंदर, बारामती व इंदापूर तालुक्यांतून पूर्वेकडे जातो. दुष्काळात धान्य वाचविणे हा त्याचा मूळ उद्देश, परंतु कालांतराने ऊस हेच त्याचे मुख्य पीक झाले. १९३० नंतरच्या दशकात कळंबजवळ वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला, आणि स्वातंत्र्यानंतर भवानीनगर येथे सहकारी कारखाना निघाला. पाणी, पैसा आणि मजूर यांच्याबरोबर काही भागात पाणथळ व खारावलेल्या जमिनीही आल्या.

काठावर बसलेला मुलगा या कालव्याबरोबर आला. ज्यास स्मृती पुरातन म्हणते, ते पाणी आगगाडीहूनही अलीकडचे आहे, कारण पुणे-सोलापूर लोहमार्ग १८६० च्या आधीच या प्रदेशातून धावू लागला होता. कालव्याच्या पाण्यावर कोणाचा हक्क, हेही परंपरेने ठरलेले नव्हते; ते मुंबई पाटबंधारे कायदा, १८७९ याने ठरविले होते. पाटकरी, पाळी, चारी, पाणीपट्टी हे शब्द त्या नव्या व्यवस्थेचे होत. पाळी संपून कालवा बंद झाला म्हणजे खोलगट जागी साचून राहिलेल्या पाण्यात मासे कोंडले जात, आणि ते हातांनी वा कपड्याने धरण्यास पोरे जमत. या आनंदाची वेळही पाटबंधारे खात्याच्या वेळापत्रकाने ठरविलेली होती.

५

पाणी जसे नवे, तसा मासाही. साइक्सने नोंदविलेल्या जाती नदीतून कालव्यात येत असत. मरळ, वाम, शिंगाळा, मळ्या, खवली यांची नावे जुन्या पिढीच्या तोंडी आहेत. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आठवणींत ज्या माशांचे वर्णन येते, ते बहुधा कटला, रोहू आणि मृगळ असतात. या जाती मूळच्या गंगेच्या खोऱ्यातील. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी यांनी ओरिसातील अंगुल येथे पियूषिका ग्रंथीच्या अर्काने या कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. त्यानंतर मत्स्यबीज विपुल प्रमाणात मिळू लागले, आणि देशभरच्या तलावांत व जलाशयांत ते सोडण्यात आले. आफ्रिकेतील तिलापिया १९५२ मध्ये भारतात आला. इंदापूर भागात त्यास ‘चिलापी’ हे नाव मिळाले, आणि आता तो इतका अंगवळणी पडला आहे की हा परदेशी पाहुणा आहे, हे सांगितल्यावाचून कळत नाही.

उजनी धरणाने या बदलास पूर्णता आणली. १९६९ मध्ये सुरू होऊन १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाच्या जलाशयात भीमेकाठची अनेक गावे बुडाली. इंदापूर तालुक्यात पळसदेवचे जुने देवालय पाण्याखाली गेले, आणि पाणी फार खाली गेले म्हणजे ते उघडे पडते. वाहत्या नदीचे मासे स्थिर जलाशयात टिकणे कठीण असते, कारण त्यांपैकी अनेकांना प्रवाह, खडकाळ तळ आणि वरच्या अंगाला जाण्याची वाट लागते. पोटील व मुसळा या साइक्सच्या जाती आता आंतरराष्ट्रीय लाल यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदल्या आहेत. दुसरीकडे भिगवणच्या परिसरात मासळीचा मोठा व्यापार उभा राहिला. एकाच पाण्याने शेतकऱ्याची जमीन घेतली, भोयाचे डोह पुसले आणि मच्छीमारीस नवी बाजारपेठ दिली.

६

तर मग स्मृतीने सांगितलेले सारे खोटे म्हणावे काय? कालनिर्णयापुरती ती चुकते, हे वरील विवेचनावरून स्पष्ट होते. तिचे पाणी १८८५ नंतरचे आहे, तिचा मासा पुष्कळदा १९५७ नंतरचा आहे, आणि साधेपणाची तिची कल्पना काही अंशी १६५३ च्या इंग्लंडातून फिरत आलेली आहे. विसाव्या शतकात या कल्पनेस स्वदेशी आधारही मिळाला. १९२० ते १९४० या काळातील मराठी जानपद गीते आणि १९३६ च्या डिसेंबरात फैजपूर या खेड्यात भरलेले काँग्रेसचे अधिवेशन यांनी खेड्याला राष्ट्रीय आदर्शाचे स्थान दिले. त्याच काळातील दुसरा आवाज मात्र कमी ऐकला गेला. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गांव-गाडा’ (१९१५) या ग्रंथाने बलुतेदारीच्या ओझ्याखाली वाकलेल्या शेतकऱ्याचे चित्र काढले होते. पुण्याजवळील पिंपळे सौदागर येथील पाहणीत हॅरॉल्ड मॅन यांना १९१७ मध्ये बहुसंख्य कुटुंबांचा केवळ आपल्या जमिनीवर निर्वाह होत नसल्याचे आढळले होते.

स्मृतीतील निवांतपणाचे वाटपही विषम होते. गळ टाकणारा मुलगा बहुधा गुरे राखण्यास आलेला असे. त्याचा खेळ कामाच्या फटीत बसलेला होता. त्याच वयाची मुलगी त्या काठावर आली तर हंडा भरण्यास अथवा धुणे धुण्यास येई, आणि तिच्या कामात अशी फट क्वचितच सापडे. माळकऱ्याच्या घरी मासा वर्ज्य, गरिबाच्या घरी तोच रात्रीचे कालवण. ज्यास आज हौस म्हटले जाते, ती अनेक घरांत चुलीशी बांधलेली होती. मराठीत यासाठी ‘माशांचा नाद’ असा शब्दप्रयोग आहे. त्यात आनंद आहे, आणि कामाचा माणूस बिघडल्याची तक्रारही आहे.

असे असूनही या स्मृतीत एक साक्ष आहे, आणि इतिहासकाराने ती टाकून देऊ नये. कालवा सरकारी होता, परंतु त्याचा काठ मोकळा होता. एक काठी आणि दोरी यांच्या बळावर, कोणास विचारल्याविना, मुलाला पाण्याशी ओळख करून घेता येत होती. पाण्याचा रंग, वाऱ्याची दिशा, भेंडाच्या तुकड्याची हालचाल यांवरून खाली कोणता मासा आहे हे ओळखण्याचे ज्ञान वडिलांकडून, भावाकडून, क्वचित शेजारच्या भोयाकडून त्यास मिळे. साइक्सच्या वहीत निनावी माणसांनी जी नावे घातली, त्याच ज्ञानाचा हा क्षीण होत गेलेला प्रवाह होता. जलाशयांतील मासेमारीचे ठेके, नदीत मिसळणारे सांडपाणी आणि मुलांचे बदललेले दिनमान यांनी तो प्रवाह तोडला. हानी झाली ती येथे. स्मृती तिला ‘साधेपणा गेला’ या शब्दांत मांडते, कारण तिच्याजवळ दुसरे शब्द नाहीत.

म्हणून अशा स्मरणांचा उपयोग करताना अभ्यासकाने दोन प्रश्न निराळे ठेवावेत. तो काळ खरोखर तसा होता काय, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर आकारणीची दप्तरे, दुष्काळाचे अहवाल आणि कालव्याच्या नोंदी देतील, आणि ते उत्तर बहुधा प्रतिकूल असेल. सांगणाऱ्याला आज काय उणे वाटते, हा दुसरा. या प्रश्नापुरते त्याचे स्मरण हेच अस्सल साधन होय. शेळगावसारख्या गावांत कालव्याच्या काठी बसलेली पिढी अद्याप हयात आहे. तिच्याकडून माशांची नावे, त्यांच्या जागा व ऋतू, आणि ते धरण्याच्या रीती वेळीच लिहून घेतल्या, तर साइक्सने १८३९ मध्ये ज्यांची नावे नोंदविण्याचे राहून दिले, त्या जाणत्यांच्या वारसांना निदान या वेळी तरी इतिहासाच्या पानावर जागा मिळेल.